एचआयव्ही काळाबरोबर खरंच मवाळ होत चाललाय का?

शिरीषफूल

गेल्या आठवड्यात ऐकलेलं एक वाक्य डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा काढते आहे.

एका तरुणाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला होता. सोबत त्याची थोरली बहीण होती. सगळं शांतपणे ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "पण आता तो विषाणू पहिल्यासारखा जहाल राहिला नाही ना? वाचलंय मी, की इतक्या वर्षांत तो कमजोर झालाय. मग गोळ्या वर्षभर थांबून सुरू केल्या तर चालेल का?" प्रश्न प्रेमापोटीच होता. भावाला आयुष्यभराच्या औषधांत इतक्या लवकर अडकवायचं तिच्या जिवावर आलं होतं. समुपदेशकांनी तिला नीट समजावलं आणि गोळ्या त्याच आठवड्यात सुरू झाल्या. पण ते "वाचलंय मी" मला टोचत राहिलं. कारण ते अर्धं खरं आहे, आणि अर्धं खरं जास्त फसवतं.

मी बरीच वर्षं व्हायरल लोडच्या, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे याच्या, तपासणीचं काम करते. रक्ताची नळी फिरवली की वर पिवळसर प्लाझ्मा येतो, त्यातला विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचा जनुकीय मजकूर, काढून मशीनमध्ये लावायचा. प्रत्येक फेरीत मजकूर दुप्पट होतो आणि पडद्यावर प्रत्येक नमुन्याची एक रेषा सपाट चालत राहते, मग एका क्षणी उचल खाते. जितका विषाणू जास्त, तितकी उचल लवकर. एकदा शेजारशेजारच्या दोन नमुन्यांच्या रेषांत बरोबर १० फेऱ्यांचं अंतर होतं. १० वेळा दुप्पट म्हणजे हजारपट. एकाच्या एका मिलिलिटरमध्ये ४००च्या आसपास प्रती, दुसऱ्याच्या ४ लाख. दोघांनाही औषध सुरू नव्हतं, दोघांचंही निदान नवं. आजार एकच आणि आकड्यांत हजारपट फरक, हे मी तेव्हा पहिल्यांदा मनापासून पाहिलं.

लागण झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत विषाणू बेफाम वाढतो, मग प्रतिकारशक्ती त्याला थोडा मागे रेटते आणि आकडा एका पातळीवर स्थिरावतो. औषध नसेल तर तो त्या पातळीच्या आसपास कित्येक वर्षं राहतो. याला सेट पॉइंट म्हणतात. कोणाचा शेकड्यात असतो, कोणाचा १० लाखांच्या वर. ज्याचा वर, त्याच्या सीडी४ पेशी, म्हणजे प्रतिकारशक्ती सांभाळणाऱ्या पांढऱ्या पेशी, भराभर घटतात. औषधांशिवाय लागण ते एड्स हा काळ सरासरी १० वर्षांचा धरतात, पण त्या सरासरीच्या एका टोकाला दोन-तीन वर्षांत खचलेली माणसं आहेत आणि दुसऱ्या टोकाला २० वर्षं ठणठणीत राहिलेली.

ही पातळी कोण ठरवतं? पूर्वी मला वाटायचं, ज्याचं त्याचं शरीर. ते खरंच आहे, पण पुरतं नाही. ज्याच्याकडून लागण झाली आणि ज्याला झाली, अशा जोड्यांचे सेट पॉइंट संशोधकांनी ताडून पाहिले. शरीरं वेगळी, तरी आकडे एकमेकांशी जुळणारे निघाले. म्हणजे विषाणू एका माणसातून दुसऱ्यात जाताना स्वतःचा स्वभावही सोबत नेतो. युरोपातल्या मोठ्या अभ्यासांत हा वाटा पाव ते एक तृतीयांश असा निघाला. बाकीचं शरीर, वय, इतर आजार वगैरे.

आणि जे वारशाने पुढे जातं, त्यावर उत्क्रांती काम करते. मग विषाणूच्या दृष्टीने फायद्याचं काय? २००७ साली क्रिस्टोफ फ्रेझर आणि सहकाऱ्यांनी झांबिया आणि अ‍ॅमस्टरडॅममधल्या माहितीवरून हे गणित मांडलं. लोड फार कमी असेल तर माणूस दीर्घकाळ जगतो, पण विषाणू दुसऱ्यापर्यंत क्वचित पोचतो. लोड फार जास्त असेल तर पसरतो झपाट्याने, पण माणूस लवकर आजारी पडतो आणि पसरण्याची मुदत संपते. आयुष्यभराचा एकूण प्रसार सर्वाधिक कुठे होतो? मधे कुठेतरी, मिलिलिटरमागे साधारण ३० हजार प्रतींच्या आसपास. आणि प्रत्यक्षातल्या माणसांचे सरासरी सेट पॉइंट त्याच परिसरात सापडले.

हे नीट पाहा. विषाणूला परवडणारी जागा मवाळपणाची नाही. ती मधली आहे, आणि ती मधली जागासुद्धा औषधाविना माणसाला काही वर्षांत एड्सपर्यंत नेते.

२०२२च्या फेब्रुवारीत तर उलट दिशेचं उदाहरण समोर आलं. नेदरलँड्समध्ये बी उपप्रकाराचा एक वेगळा वाण सापडला, त्याला व्हीबी असं नाव दिलं. आधी एका युरोपीय प्रकल्पात १७ जण मिळाले, त्यातले १५ नेदरलँड्समधले. मग त्या देशाच्या नोंदी चाळल्यावर एकूण १०९. यांच्यात व्हायरल लोड इतरांच्या साडेतीन ते साडेपाच पट होता आणि सीडी४ घटण्याचा वेग दुप्पट. तिशीतल्या माणसाला निदानानंतर, औषध नसेल तर, सीडी४ ३५०च्या खाली जायला इतर वाणांत सरासरी ३६ महिने लागले असते, इथे ९. वय, लिंग, लागणीचा मार्ग, जन्मस्थान, सगळं त्या देशातल्या इतर रुग्णांसारखंच. म्हणजे फरक माणसांत नव्हता, विषाणूत होता. हा वाण १९९०च्या दशकात तयार झाला आणि २०००नंतरच्या दशकात चांगला पसरला. दिलाशाची बाब अशी की २०१०च्या सुमारापासून तो ओसरत गेला, आणि औषधं त्यावर इतरांइतकीच चालतात.

तर "इतक्या वर्षांत कमजोर झाला असेल" या भरवशावर कोणी एक महिनाही थांबू नये, एवढ्यासाठी हे लिहिलं. शंका असतील तर विचारा.

रानवारा

लेख आवडला, शिरीषफूल ताई. पण एक गोष्ट पटायला जड जाते. यजमान मेला तर विषाणूही संपतो. म्हणजे यजमानाला सांभाळून राहणं हेच त्याच्या हिताचं. आम्हाला शाळेपासून हेच शिकवलं की जुना परजीवी सौम्य होतो. मग एचआयव्हीच का अपवाद?

पाणकावळा

रानवारा, मी जीवशास्त्र शिकवतो आणि सुरुवातीची काही वर्षं मीही वर्गात हेच सांगत होतो. मग ऑस्ट्रेलियातल्या सशांची गोष्ट नीट वाचली.

१९५० साली सशांचा सुळसुळाट थांबवायला तिथे मिक्सोमा विषाणू मुद्दाम सोडला. सुरुवातीला लागण झालेल्या शंभरातले ९९हून अधिक ससे मरत. थोड्याच वर्षांत कमी मारक वाण पुढे आले. इथपर्यंतची गोष्ट सगळे सांगतात. पुढची राहते. फ्रँक फेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं वाण गोळा करून प्रयोगशाळेतल्या सशांवर तपासले. अगदी सौम्य वाण काही टिकले नाहीत. टिकले ते मधले, बहुतेक ससे मारणारेच, पण जरा सावकाश. कारण ससा जितके दिवस अंगावर फोड घेऊन जिवंत, तितके दिवस डास आणि पिसवा त्या फोडांवरून विषाणू नेणार. फार सौम्य वाणाचे फोड लवकर बरे होतात, त्यामुळे तोही मागे पडतो.

दुसरं म्हणजे ससेही बदलले. चिवट ससे वाचले, त्यांचीच पिल्लं वाढली. सशाची पिढी काही महिन्यांची. माणसाची पिढी २५ वर्षांची. तिथे जे घडलं ते आपल्यात घडायची वाट बघायची तर किती पिढ्या बळी द्यायच्या?

शिरीषफूल

पाणकावळा सर, फार नेमकं सांगितलंत.

रानवारा, "यजमान मेला तर विषाणू संपतो" हे एचआयव्हीला लागू करताना वेळेचा हिशोब घाला. हा विषाणू पसरतो ती वर्षं माणूस धडधाकट दिसण्याची असतात, आणि लागणीनंतरचे पहिले काही आठवडे-महिने तर सर्वात जास्त. मृत्यू येतो कित्येक वर्षांनी. तोवर विषाणूचं पुढचं काम झालेलं असतं. १० वर्षांनी माणूस गेल्याचा विषाणूला फारसा तोटा नाही, म्हणून त्याला वाचवण्याकडे नैसर्गिक निवडीचा दाबही फारसा नाही.

आणखी एक गुंता आहे. निवड दोन जागी चालते. एक माणसांमाणसांमध्ये, दुसरी एकाच माणसाच्या आत. आतल्या शर्यतीत जो भराभर प्रती काढतो आणि प्रतिकारशक्तीला चुकवतो, तो जिंकतो. त्या शर्यतीला उद्या दुसऱ्या माणसात जायचंय की नाही याच्याशी देणंघेणं नसतं. काही जणांत वर्षांनंतर विषाणू पेशीत शिरण्याचं दारच बदलतो. आधी सीसीआर५ या दाराने येणारा सीएक्ससीआर४ वापरू लागतो. त्याला नव्या पेशी मोकळ्या होतात, सीडी४ झपाट्याने कोसळतात. पण दुसऱ्या माणसात रुजतो तो जवळपास नेहमी सीसीआर५वालाच. म्हणजे आतली ही करामत बहुतेकदा त्या माणसाबरोबरच संपते. पुढे तिचा उपयोग शून्य, आणि त्या माणसाचं नुकसान पूर्ण.

वाटसरू२२

वाचनखूण साठवली. हा एवढा बदलतो कसा? फ्लूची लस दरवर्षी बदलावी लागते एवढं माहीत होतं, पण इथे एकाच माणसाच्या शरीरात उत्क्रांती म्हणताय.

शिरीषफूल

हो, एकाच माणसाच्या शरीरात, आणि रोज.

विषाणूचा सगळा मजकूर जेमतेम ९,७०० अक्षरांचा. आरएनएवरून डीएनए उतरवून घेणारं त्याचं एन्झाइम आहे, रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज. ते उतरवतं, पण वाचून तपासत नाही. एखाद्या नकलनवीसाने हजारो पानं उतरवून एकदाही मागे वळून पाहू नये तसं. त्यामुळे दर काही प्रतींमागे एक चूक राहतेच. आता याला संख्येची जोड द्या. औषध नसलेल्या माणसात रोज साधारण १,००० कोटी नवे विषाणूकण तयार होतात. म्हणजे मजकुरात एका अक्षराचा जो जो बदल शक्य आहे, तो तो त्या शरीरात रोज कुठेतरी होत असतो. बहुतेक चुका विषाणूलाच मारक ठरतात. एखादी कामाची निघते.

शिवाय एका पेशीत दोन वेगवेगळे विषाणू शिरले तर एन्झाइम एकावरून दुसऱ्यावर उडी मारत नक्कल करतं. दोघांचे बदल एकत्र होतात. जगात जे मिश्र वाण फिरतात ते असेच जन्मले.

या सगळ्यात मला सर्वात थक्क करते ती एचएलए-बी५७ची गोष्ट. एचएलए म्हणजे आपल्या पेशींची तबकं म्हणा. आत काय शिजतंय याचे तुकडे पेशी त्या तबकावर बाहेर मांडते आणि मारक टी पेशी ते पाहून ठरवतात. ज्यांच्याकडे बी५७ हे तबक आहे, ते विषाणूच्या सांगाड्याचा असा तुकडा मांडतात की तो बदलणं विषाणूला महाग पडतं. बदलला नाही तर पकडला जातो, बदलला तर सांगाडा कच्चा होतो आणि वाढ मंदावते. म्हणून या लोकांत आजार सावकाश जातो. आणि असा बदललेला विषाणू बी५७ नसलेल्या माणसात गेला, की तो महागडा बदल टाकून देऊन बरेचदा मूळ रूपावर परततो. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा दोनदा वाचलं.

अबोली

ताई, इथेच मला थोडं वेगळं म्हणायचंय. मी समुपदेशनाचं काम करते, त्यामुळे लोकांना खोटा धीर देण्याच्या मीही विरोधात आहे. पण २०१४मध्ये बोत्स्वाना आणि दक्षिण आफ्रिका यांची तुलना करणारा शोधनिबंध आला होता, फिलिप गोल्डर यांच्या गटाचा. त्यात बोत्स्वानामधल्या विषाणूची वाढण्याची क्षमता कमी आढळली होती. म्हणजे मवाळ झाल्याचा पुरावा आहेच की. तुमच्या लेखात तो नाही, हे मला अपुरं वाटलं.

शिरीषफूल

अबोली, बरोबर पकडलंत. तो लेखात यायला हवा होता.

बोत्स्वानात साथ आधी पसरली आणि लागणीचं प्रमाणही जास्त. तिथल्या विषाणूने बी५७सारख्या तबकांशी इतके सामने केले की त्यांना चुकवणारे बदल तिथल्या फिरत्या विषाणूत रुळून गेले. त्याचे दोन परिणाम दिसले. एक, बी५७ असलेल्यांना मिळणारं संरक्षण तिथे उरलं नाही. दोन, ते बदल महागडे असल्यामुळे विषाणूची वाढण्याची ताकद घटली. आता यातली पहिली बाब बातम्यांत कुठेच येत नाही. मथळा होतो "एचआयव्ही मवाळ होतोय". ज्यांच्याकडे निसर्गाने दिलेली ढाल होती त्यांची ढाल निकामी झाली, हे त्याच अभ्यासात लिहिलं आहे.

युगांडाच्या रकाई भागातही १९९५ ते २०१२ या काळात विषाणूची जहालता कमी झालेली दिसली. तिथे डी आणि ए असे दोन उपप्रकार. डी जास्त वेगाने आजाराकडे नेतो, ए सावकाश. काळाच्या ओघात डीचं प्रमाण घटलं, एचं वाढलं, आणि घसरणीतला काही वाटा त्यामुळे आला.

म्हणून माझं म्हणणं जरा सुधारून मांडते. एका जागी ताकद घटते, दुसऱ्या जागी व्हीबीसारखा वाण वर येतो. दिशा एक नाही. आणि या सरासऱ्या आहेत. युगांडातली सरासरी घटली म्हणून समोर बसलेल्या माणसाच्या अंगात कोणता विषाणू आहे हे कळत नाही.

अबोली

हे पटलं. ढालीचा मुद्दा माझ्याही लक्षात राहिला नव्हता.

खरोखर दुबळ्या विषाणूचं एक उदाहरण मीच देते. सिडनीमध्ये एका रक्तदात्याला लागण झाली होती, त्याच्या रक्तातून आठ जणांना ती गेली. वर्षं उलटली तरी माणसं आजारी पडेनात. तपासल्यावर कळलं, विषाणूच्या नेफ नावाच्या जनुकाचा मोठा तुकडाच गळालेला होता. एकच विषाणू, वेगवेगळी शरीरं, आणि सगळीकडे मंद आजार. विषाणूचा वाटा किती मोठा असू शकतो हे याहून स्पष्ट कशाने कळणार? पण कितीतरी वर्षांनी त्यातल्या काहींच्याही सीडी४ घसरायला लागल्या. इतका मोडका विषाणूसुद्धा शेवटी पोखरतच होता. हे मी समुपदेशनात अनेकदा सांगते.

तळ्याकाठी

इथे पहिल्यांदाच लिहितो आहे.

मी पॉझिटिव्ह आहे. माझी आधीची तपासणी निगेटिव्ह होती, त्यानंतर अडीच वर्षांनी निदान झालं तेव्हा सीडी४ १८० होत्या. ज्या डॉक्टरांकडे पहिल्यांदा गेलो त्यांनी फाइल बघून सगळ्यांसमोर विचारलं, "इतकी वर्षं काय करत होतात?" मी अडीच वर्षांपूर्वीचा कागद दाखवला तर म्हणाले, इतक्या लवकर एवढं उतरत नाही, तुम्ही काहीतरी लपवताय. घरीही तेच वाक्य पोचलं. बायकोने विश्वास ठेवला, पण मोठ्या भावाने बरेच महिने माझ्याशी धड बोलणं केलं नाही.

आता गोळ्या सुरू आहेत. १४ महिने झाले, लोड सापडत नाही, सीडी४ ४१०. तब्येत चांगली आहे. मला फक्त एवढं विचारायचंय, की माझा विषाणू तसा जहाल असू शकतो का? आणि ते तपासून कागदावर मिळतं का? तो कागद मला भावाला दाखवायचा आहे.

सांजदिवा

तळ्याकाठी दादा, मी या रुग्णांवर उपचार करणारा डॉक्टर आहे. त्या डॉक्टरांनी जे केलं ते चूक होतं, माहितीच्या दृष्टीनेही आणि माणूस म्हणूनही. तुमच्या भावाला माझं हे उत्तर दाखवा.

अडीच वर्षांत सीडी४ २००च्या खाली जाणं नेहमीचं नसलं तरी अशक्य अजिबात नाही. त्याची कारणं बरीच असतात. विषाणू वेगाने वाढणारा असेल. लवकर सीएक्ससीआर४कडे वळलेला असेल. तुमच्या एचएलएची ठेवण त्याला रोखायला कमी पडत असेल, जशी बी३५च्या काही प्रकारांत पडते. लागण झाली तेव्हाची सीडी४ मुळातच कमी असेल. निरोगी माणसांतही हा आकडा साधारण ५०० ते १,५०० इतका मागेपुढे असतो. सोबत क्षयरोगासारखा दुसरा आजार असेल तर तोही खाली खेचतो. यातली एकही गोष्ट माणसाच्या वागण्याचा दाखला होऊ शकत नाही.

कागद मात्र मिळणार नाही, आणि ते सरळ सांगतो. दवाखान्यात जी जीनोटाइप तपासणी होते ती औषधांना दाद न देणारे बदल शोधते. त्यासाठी ती विषाणूच्या मजकुराचा एक भागच वाचते, जिथे औषधं काम करतात तो. जहालपणा त्यात उमटत नाही. व्हीबीमध्ये सुद्धा अक्षरांचे बदल अख्ख्या मजकुरभर पसरलेले होते, शेकड्यांनी. नेमके कोणते बदल त्या वेगाला जबाबदार हे वेगळं काढता आलेलं नाही. तो वाण ओळखू आला तो बऱ्याच माणसांचे आकडे शेजारी ठेवल्यावर.

आता जे कागद तुमच्याजवळ आहेत तेच भावाला दाखवा. अडीच वर्षांपूर्वीचा निगेटिव्ह रिपोर्ट, निदानाच्या दिवसाचा आणि आजचा. १८० वरून ४१० आणि लोड सापडत नाही. व्हीबीच्या रुग्णांतही औषध सुरू झाल्यावर सीडी४ इतरांसारख्याच वर आल्या आणि मृत्यूचं प्रमाण इतरांइतकंच राहिलं. विषाणू कितीही वेगाचा असो, त्याची नक्कल करणं थांबलं की तो वेग वापरायला जागा राहत नाही.

रानवारा

तळ्याकाठी, तुम्ही लिहिलंत याबद्दल मनापासून आभार. माझा पहिला प्रतिसाद मी पुस्तकी अंगाने टाकला होता. तुमचं वाचल्यावर त्या प्रश्नाचं वजन कळलं.

डॉक्टर, एक शंका. औषधांमुळेच जहाल वाण निवडले जातात असं तर नाही ना? व्हीबी सापडला तो देश उपचारात पुढे असलेला. औषधांमुळे रुग्ण वाचतो, मग जहालपणाचा जो तोटा विषाणूला व्हायचा तो होत नाही.

सांजदिवा

तर्क चुकीचा नाही, संशोधकांनीही तो विचारात घेतलाय. पण त्यात एक कडी निसटते. औषध घेणारा माणूस नुसता जगत नाही, तो विषाणू पुढे देणंही थांबवतो. २०१९मध्ये जाहीर झालेल्या पार्टनर अभ्यासाच्या दुसऱ्या टप्प्यात सुमारे ७८० पुरुष जोडपी होती, एक जण पॉझिटिव्ह आणि लोड दबलेला, दुसरा निगेटिव्ह. निरोधाविना सुमारे ७६ हजार संबंधांत जोडीदाराकडून एकही लागण झाली नाही. जो विषाणू पुढे जातच नाही, त्याची निवड कुठून होणार? व्हीबीसुद्धा वेगवान होता तरी ओसरलाच.

उरतो तो निदान होण्याआधीचा काळ. ज्यांना लागण झाल्याचं ठाऊकच नाही त्यांच्यात विषाणू मोकळा वाढतो, बदलतो, पसरतो. सगळी उत्क्रांती तिथे चालते. म्हणून तपासणी लवकर, आणि निदान झालं की गोळ्या लगेच. २०१५मध्ये स्टार्ट या चाचणीने हे पक्कं केलं. ३५ देशांतले ४,६८५ जण, सर्वांच्या सीडी४ ५००च्या वर. निम्म्यांना लगेच गोळ्या, निम्म्यांना सीडी४ ३५०वर आल्यावर. लगेच सुरू केलेल्यांत गंभीर आजार किंवा मृत्यूचा धोका ५७ टक्क्यांनी कमी निघाला. शिरीषफूल ताईंना भेटलेल्या त्या बहिणीच्या प्रश्नाला यापेक्षा थेट उत्तर माझ्याकडे नाही.

गोळ्या चुकवत घेतल्या तर मात्र गोष्ट बदलते. अर्धवट दाबलेला विषाणू औषधासमोर राहून नक्कल करत बसतो आणि पळवाट शोधतो. लॅमिव्हुडीनसमोर तो एम१८४व्ही हा बदल हमखास काढतो. त्या बदलाने विषाणूची वाढ थोडी मंदावते हे खरं, पण एक औषध हातचं जातं.

वाटसरू२२

शेवटचा प्रश्न. एचआयव्ही-२ सौम्य म्हणतात. तो जास्त जुना म्हणून का?

शिरीषफूल

नाही, आणि हे उत्तर मला आवडतं, कारण इथे "जुना म्हणजे मवाळ" ही समजूत दोन्ही बाजूंनी मोडते.

एचआयव्ही-२ पश्चिम आफ्रिकेत सूटी मँगबे या माकडातून माणसात आला. त्याचा लोड बरेचदा कमी असतो आणि आजार सावकाश जातो, पण ज्यांच्यात वाढतो त्यांना एड्स होतोच. शिवाय एफाव्हिरेंझच्या गटातली औषधं त्यावर चालत नाहीत, म्हणून प्रकार तपासणं गरजेचं. एचआयव्ही-१चा मुख्य गट चिंपांझीतून आला, आग्नेय कॅमेरूनमधून, आणि १९२०च्या सुमारास किन्शासात पसरू लागला.

मँगबे माकडांच्या रक्तात त्यांचा विषाणू भरपूर असतो, तरी ती आजारी पडत नाहीत. त्यांचं शरीर सुरुवातीच्या झटापटीनंतर शांत होतं. माणसात प्रतिकारशक्ती वर्षानुवर्षं चेतलेली राहते आणि त्या धगीतच सीडी४ झिजतात. म्हणजे तिथे विषाणू मवाळ झाला असं म्हणण्यापेक्षा माकडं त्याच्याशी जगायला बदलली म्हणणं जवळचं. चिंपांझींबद्दल बराच काळ समजत होते की त्यांनाही काही होत नाही. मग टांझानियात गोंबेच्या जंगलात वर्षानुवर्षं पाहिलेल्या चिंपांझींच्या नोंदी २००९मध्ये समोर आल्या. विषाणू असलेल्यांचा मृत्यूचा धोका, वय जमेस धरून, १० ते १६ पट. आपल्यापेक्षा कितीतरी आधीपासून तो विषाणू त्यांच्यात आहे.

पाणकावळा

गोंबेचा हा आकडा मी आता वर्गात सशांच्या गोष्टीला जोडून सांगणार. धन्यवाद.

तळ्याकाठी

सांजदिवा डॉक्टर, काल रात्री भावाला फोनवर तुमचं उत्तर वाचून दाखवलं. तो मधे काही बोलला नाही. "निरोगी माणसांतही ५०० ते १,५००" ही ओळ त्याने परत वाचायला सांगितली. मग विचारलं, पुढची तपासणी कधी आहे. मंगळवारी आहे, सांगितलं. म्हणाला, मी येतो सोबत.

सांजदिवा

जुने तिन्ही कागद घेऊन जा. आणि मंगळवारी त्यांना काही विचारायचं असेल तर तिथल्या समुपदेशकांना थेट विचारू द्या, तुम्ही मधे पडू नका.